मागचं बघणाऱ्या बायका : लढाईच्या चित्रात चूल का नसते?

मागच्या १७ सप्टेंबरला सोनपेठमधल्या एका शाळेत चित्रकला स्पर्धेची परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. विषय ठरलेला : मराठवाडा मुक्तिसंग्राम. साठेक चित्रं भिंतीला चिकटवलेली. तिरंगा, रणगाडा, बंदूकधारी सैनिक, वरून उडणारं विमान. आणि हमखास दिसणारं एक चित्र म्हणजे हात जोडलेला निजाम आणि समोर सरदार पटेल. बेगमपेठ विमानतळावरचा तो १९४९ चा फोटो आपल्याकडच्या प्रत्येक शाळकरी पोराच्या डोक्यात बसलेला आहे. लढाई १९४८ च्या सप्टेंबरात संपली आणि फोटो काही महिन्यांनंतरचा, पण लढाई म्हटली की तोच आठवतो. चित्राची ताकद ही अशी असते.

साठ चित्रांत एकही बाई नव्हती. निम्म्या चित्रकार मुली होत्या, तरीही. मी सातवीतल्या एकीला विचारलं, "तेव्हा तुझी पणजी सोनपेठातच होती ना? मग ती कुठंय यात?" पोरगी गोंधळली आणि म्हणाली, "मॅडम, ती कुठं असणार? ती घरीच होती."

माझ्या पीएचडीचं तिसरं प्रकरण म्हणजे या एका वाक्याला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. 'पीएचडी कशात करतेस?' हा प्रश्न मला लग्नकार्यात, एसटीत, किराणा दुकानात इतक्यांदा विचारला जातो, की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. तर ऐका.

आधी शब्दाची अडचण

युद्धाच्या काळात सैनिक आघाडीवर असतो, तेव्हा मागे घरी, शेतात, कारखान्यात जे काम चालतं त्याला इंग्रजीत 'होम फ्रंट' म्हणतात. फ्रंट म्हणजे आघाडी. म्हणजे घर हीसुद्धा एक आघाडीच. मराठीत त्याला 'गृहआघाडी' असा शब्द करता येतो, पण तो शब्द मी कुणाही म्हातारीच्या तोंडून ऐकलेला नाही.

माझ्या आजीचा शब्द वेगळा होता. १९४८ मध्ये ती चौदा वर्षांची, लग्न होऊन वर्षही न झालेली. वारायच्या आधी दोन वर्षं मी तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. एकदा विचारलं, "मुक्तिसंग्रामात तू काय केलंस?" तर म्हणाली, "आम्ही काय करणार बाई? काहीच नाही. ते पुढं गेले, आम्ही मागचं बघितलं."

'मागचं बघणं.' प्रकरणाला मी हेच नाव दिलं आहे. माझ्या मार्गदर्शकांना ते आधी पसंत नव्हतं, नंतर पटलं. या वाक्यातलं 'काहीच नाही' आणि 'मागचं बघितलं' एकमेकांशेजारी कसं बसलंय ते पाहा. काम सांगायच्या आधीच तिनं ते शून्यात काढलं होतं.

विलायतेत काय झालं?

तुलनेसाठी इंग्लंड घेऊ, कारण तिथं या कामाची चित्रं सरकारनं मुद्दाम काढून घेतली. पहिलं महायुद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमची स्थापना झाली आणि त्यात बायकांच्या कामाची नोंद ठेवायला एक वेगळी उपसमिती नेमली गेली. लढाई संपायच्या आत 'बायकांनी काय केलं ते जपून ठेवा' असं कुणाला तरी सुचलं, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

त्या काळातली दोन चित्रं जरूर शोधून बघा. फ्लोरा लायन हिनं १९१८ मध्ये ब्रॅडफर्डच्या फिनिक्स वर्क्स कारखान्यातलं बायकांचं कॅन्टीन रंगवलं. दमलेल्या कामगार बायका जेवणाच्या सुट्टीत घोळक्यानं उभ्या आहेत, बसल्या आहेत. ॲना एअरी हिनं त्याच वर्षी तोफगोळ्यांच्या कारखान्यातलं काम रंगवलं. असं सांगतात की एका भट्टीपाशी चित्र काढताना जमीन इतकी तापलेली होती की तिच्या बुटांचे तळ जळाले.

दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात गाजलेलं चित्र लॉरा नाइटचं, १९४३ चं. रूबी लोफ्टस नावाची एकवीस वर्षांची मुलगी वेल्समधल्या न्यूपोर्टच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात लेथवर वाकून बोफोर्स तोफेचा एक अवघड भाग घडवते आहे. या कामात हात बसायला वर्षानुवर्षं लागतात असं तेव्हा मानलं जायचं. या पोरीनं ते थोडक्या काळात शिकून घेतलं, म्हणून सरकारला तिचं चित्र हवं होतं. ते बघून आणखी मुली कारखान्यात याव्यात हा हेतू. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन रॉकवेलनं 'रोझी द रिव्हेटर' काढली.

इथं मी वर्गात एक प्रश्न विचारते, तुम्हालाही विचारते. या गाजलेल्या बायकांच्या हातात काय आहे? लेथ, रिव्हेट ठोकायचं यंत्र, तोफगोळा. पुरुषाचं अवजार. बाईनं ते हातात घेतलं की ती चित्रात येते. आणि त्याच रूबीसाठी घरी डबा कोण भरत होतं, तिचे कपडे कोण धूत होतं?

असं नाही की तिकडं हे कुणालाच दिसलं नाही. एव्हलिन डनबार नावाची चित्रकार होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारच्या समितीनं कायम पगारावर ठेवलेली ती एकटी स्त्री चित्रकार. तिनं शेतावर राबणाऱ्या मुली काढल्या, फळं डब्यात भरून टिकवायचं प्रात्यक्षिक काढलं, आणि १९४४ मध्ये मासळीच्या दुकानासमोरची लांबलचक रांग काढली. रेशनच्या काळातली रांग. त्या चित्रात कुणी शूर दिसत नाही. माणसं नुसती उभी आहेत. पण युद्ध जिंकायला जे लागतं त्यातला मोठा भाग म्हणजे हे असं तिष्ठत उभं राहणं, हे डनबारला कळलं होतं. तरी जगाला आठवते ती लेथवरची रूबी. मासळीवाल्याच्या दारातल्या बायकांना कोण ओळखतं?

याचा सोनपेठशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो चक्क आकाशातून आहे.

आपण तेव्हा हैदराबाद संस्थानात होतो. निजामानं दोन्ही महायुद्धांत इंग्रजांना भरघोस पैसा दिला. इतका, की ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्यांना हैदराबादचं नाव मिळालं. पहिल्या महायुद्धातली ११० क्रमांकाची स्क्वॉड्रन 'हैदराबाद' म्हणून ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाची हैदराबाद स्क्वॉड्रन स्पिटफायर विमानं घेऊन १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये लढली. तिच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी होती!

निजामाच्या राज्याच्या तिजोरीत मोठा वाटा जमिनीच्या महसुलाचा. म्हणजे गोदाकाठच्या काळ्या रानातली ज्वारी आणि कापूस फिरून फिरून कुठं पोचत होता ते बघा. त्यातच युद्धकाळात संस्थानानं धान्याची सक्तीची लेव्ही लावली. पिकातला ठरलेला हिस्सा सरकारला ठरलेल्या भावानं घालायचा. शेजारच्या तेलंगणात शेतकरी पेटून उठले त्याच्या कारणांत ही लेव्हीही होती.

पुस्तकात लेव्हीचं प्रकरण शेतकरी, पटेल-पटवारी आणि सरकार यांच्यात संपतं. घरात काय झालं? लेव्ही घालून उरलेलं धान्य मापायचं, ते पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचं, कणगीत किती, बळदात किती, पेवातलं कधी काढायचं, बी किती राखायचं, आणि कमी पडलं तर कुणाच्या ताटातलं कमी करायचं, हा सगळा हिशोब बाईचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर ठरलेलंच असायचं. ताट तिचं स्वतःचं.

इंग्लंडात त्याच काळात रेडिओवर 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम लागायचा. आहे त्या रेशनमध्ये घर कसं चालवायचं ते सांगणारा. स्वयंपाकघर ही आघाडी आहे असं तिथलं सरकार उघड म्हणत होतं. आमच्याकडं तीच काटकसर होती, त्याहून कठीण होती, पण तिला आघाडी कुणी म्हटलं नाही.

सात माणसं, पस्तीस भाकरी

आता १९४७-४८ कडे येऊ. तुम्हाला ढोबळ गोष्ट माहीत आहेच. देश स्वतंत्र झाला, निजाम भारतात यायला तयार नव्हता. ७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसनं 'भारतात सामील व्हा' दिन पाळला. स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. कासिम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढला. संस्थानाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडातल्या उमरखेडसारख्या ठिकाणी, कार्यकर्त्यांची सरहद्द शिबिरं उभी राहिली. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज आत आली आणि १७ तारखेला निजामानं माघार घेतली.

सोनपेठ सरहद्दीवर नाही, आतमध्ये आहे. इथून माणसं शिबिराकडं जायची, तिकडून निरोप यायचे. वाटेत कुठंतरी रात्र काढायची, पोटात काहीतरी घालायचं. आजीनं सांगितलेली एक रात्र मी तिच्याच हिशोबानं मांडते.

सात जणं आली. अंधार पडल्यावर. दर माणशी तीन भाकरी तिथंच आणि दोन दशम्या बरोबर. दशमी का? तर पीठ दुधात मळलं की ती वाटेत दोन दिवस टिकते, मऊ राहते. सात पंचे पस्तीस. एका किलो पिठाच्या साधारण दहा भाकरी धरल्या तर साडेतीन किलो पीठ. हे घरच्या नऊ माणसांच्या रोजच्या दळणाच्या वर. गिरणी गावात असो वा नसो, एवढं जादा दळण गिरणीत नेलं की 'पाहुणे कोण?' हा प्रश्न आलाच. म्हणजे जातं.

मी स्वतः एकदा जात्यावर एक किलो ज्वारी दळून पाहिली. पाऊण तास लागला आणि दोन दिवस खांदा हलेना. त्यांना सवय होती, त्या दोघी-दोघी बसायच्या, तरी काम ते कामच.

खरी गंमत पुढं आहे. जात्याची घरघर रात्री लांब ऐकू जाते. मध्यरात्री जातं सुरू झालं तर गल्ली जागी होणार. म्हणून पहाटेच्या रोजच्या वेळेलाच बसायचं आणि जास्तीचं त्यातच उरकायचं. मी विचारलं, "मग गुपचूप दळायचात?" आजी म्हणाली, "येडी का काय तू? गुपचूप दळलं की शेजारीण विचारती, कामून गं, आज गाणं नाही? आम्ही रोजच्यासारखं गायचो."

म्हणजे ओवी हा त्या कामाचा आडोसा होता. हे ऐकलं त्या दिवशी मी माझ्या प्रबंधाचा आराखडा बदलला.

त्या रात्रीच्या कामाची यादी अजून संपलेली नाही. सात माणसांचं जास्तीचं पाणी भरायचं. जास्तीची ताटं घासून उतरंडीमागं ठेवायची. सकाळी पाहुण्यांच्या पथारीची खूण उरू द्यायची नाही. लेकरांना पढवायचं की काल घरी कुणी आलं नव्हतं. यातलं एक काम जरी चुकलं असतं तर सात माणसं पकडली गेली असती. 'काहीच नाही' म्हणजे हे.

एक गोष्ट मात्र मला इथं कबूल केली पाहिजे. "दोघी-दोघी म्हणजे तू आणि कोण?" असं विचारल्यावर आजी म्हणाली, दळणाला एक बाई यायची. तिचं नाव? आजीला आठवलं नाही. ती बाई आमच्या जातीची नव्हती, मजुरीवर यायची, आणि तिच्या तोंडून एक शब्द बाहेर गेला असता तर सगळं घर उघडं पडलं असतं. तो गेला नाही. आजीचं काम इतिहासात नाही म्हणून मी तक्रार करते आहे, आणि त्या बाईचं नाव आमच्याच घरात उरलेलं नाही.

दगडात कोरलेला हात

आता चित्राकडे परत. कुणी म्हणेल, आपल्याकडं युद्ध आणि बाई यांचं चित्रण करायची परंपराच नव्हती. तसं नाही. मराठवाड्यात गावोगाव, मारुतीच्या देवळापाशी, पारावर, शेताच्या बांधाला वीरगळ उभे आहेत. चालुक्य-यादवांच्या काळात लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे हे दगड. वाचायचे खालून वर. सगळ्यात खाली वीर मरून पडलेला किंवा लढताना, वरच्या टप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना. वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती टिकेल.

यात बायका आहेत, पण त्या अप्सरा. वीर गेल्यावर त्याचं घर, गुरं, शेत कुणी सांभाळलं, ते दगडावर नाही.

आणि खरी बाई येते ती शेजारच्या सतीशिळेवर. तिचं चित्र काय? एक हात. कोपरात वाकवलेला, पंजा वर, मनगटात बांगड्या. पहिल्यांदा मी तो नीट पाहिला तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. याच हातानं दळलं, थापलं, सारवलं, गुरांना चारा घातला. शिल्पकारानं तो हात बरोबर निवडला. पण कामासाठी नाही. ती नवऱ्यामागं जळून गेली म्हणून. घर चालवत जगलेल्या विधवेसाठी कुणी शिळा उभी केली नाही.

म्हणजे एकीकडं लेथवरची रूबी आणि दुसरीकडं सतीचा हात. काळ वेगळा, देश वेगळा, पण मला त्यात एक नियम दिसतो : बाईनं पुरुषाचं अवजार उचललं किंवा पुरुषामागं प्राण दिला, तर तिचं चित्र होतं. तिनं तिचं रोजचंच काम केलं तर होत नाही. लढाईत ते रोजचं काम दुप्पट झालं, जिवावर बेतणारं झालं, तरी होत नाही.

मुक्तिसंग्रामातही हेच दिसतं. बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके आपल्याला आठवतात, कारण त्या घोड्यावर बसल्या, बॉम्ब पोचवले. तेलंगणात पालकुर्तीची चाकली इलम्मा आठवते, कारण ती देशमुखासमोर उभी ठाकली. दोघीही मोठ्याच. त्यांच्याविषयी मला काडीचीही शंका नाही. पण त्या मोठ्या आहेत म्हणून बाकीच्या 'घरीच होत्या' असं ठरत नाही.

मग चित्र नाहीच का?

आहे. फक्त ते रंगात नाही आणि दगडात नाही. ते जात्यावर आहे.

सोनपेठच्या शेजारी गंगाखेड. संत जनाबाईचं गाव. जनाबाई दळते आहे आणि पांडुरंग समोर बसून खुंटा धरतोय, हे चित्र तुमच्या-माझ्या घरात कॅलेंडरवर, देवघरात, पोथीच्या मुखपृष्ठावर असतंच. मराठीत कष्टकरी बाईचं एवढं घरोघर पोचलेलं दुसरं चित्र मला तरी माहीत नाही. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी होती हे मात्र विसरायचं नाही. दळण हे तिचं हक्काचं घरकाम नव्हतं, चाकरी होती. देव येऊन बसला तो त्या चाकरीत वाटेकरी म्हणून.

जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी पुण्यातून काम करत वर्षानुवर्षं गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बायका, एक लाखाहून जास्त ओव्या. 'परी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायला मिळतात. आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे त्यात आहेत, त्यांच्या आवाजातला सीतेचा वनवास आहे. पलीकडं माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे आहेत, आणि त्यांच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत.

हे दुसरं उदाहरण मला फार उपयोगी पडलं. कारण मला एकदा एका चर्चासत्रात सांगण्यात आलं होतं की ओवी म्हणजे माहेर, भाऊ, लेकरं, पंढरी, एवढंच. राजकारण बायकांच्या ओवीत येत नाही. भीमनगर ऐकल्यावर हे म्हणणं टिकत नाही. बाईला महत्त्वाची वाटलेली घटना जात्यावर येते.

सुरुवातीला मी एक चूक केली होती. ओव्यांत 'लढाई', 'पलटण', 'बंदूक' असे शब्द शोधत बसले. नंतर कळलं की मी पुन्हा पुरुषाचंच अवजार शोधते आहे. मागचं बघणाऱ्या बाईच्या गाण्यात लढाई बंदुकीच्या रूपात कशाला येईल? ती वाट बघण्यात असेल, न आलेल्या भावात असेल, महाग झालेल्या धान्यात असेल. आता मी ओवी तशी वाचते. काम हळू चालतं, आणि प्रत्येक ठिकाणी 'ही ओवी लढाईचीच' असं ठामपणे म्हणता येत नाही. पण डनबारच्या रांगेतल्या बायकांच्या हातात तरी बंदूक कुठं होती?

फरक एक आहे आणि तो मोठा आहे. रूबीचं चित्र लॉरा नाइटनं काढलं. ओवीत काम करणारी आणि ते काम मांडणारी एकच. तिला कुणी समोर बसवून रंगवलं नाही. तिनं दळता दळता स्वतःच स्वतःचं सांगितलं.

चित्र नसल्यानं काय बिघडतं?

हा प्रश्न मला घरातूनच विचारला गेला. "नसंल चित्र, त्यानं काय होतंय?"

होतं. १९७२ मध्ये केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना आणली. मुख्य अट तुरुंगवासाची : सहा महिने, बायकांसाठी तीन. किंवा भूमिगत असल्याचा पुरावा. हैदराबादच्या लढ्यातली सरहद्द शिबिरं १९८५ मध्ये मान्य झाली आणि तिथल्या कार्यकर्त्यांना वाट मिळाली. ते योग्यच झालं. पण आता ही अट आजीच्या बाजूनं वाचा. शिबिरात होता त्याला कागद. शिबिराला जाणाऱ्याला पस्तीस भाकरी करून दिल्या तिला कुठला कागद मिळणार? तिचं काम यशस्वी झालं याचा अर्थच असा की कुणाला काही कळलं नाही, कसली नोंद राहिली नाही, अटक झाली नाही. पकडली गेली असती तर ती पात्र ठरली असती.

आजीनं पेन्शन कधी मागितली नाही, मागायचं तिच्या मनातही आलं नाही. मुद्दा पैशाचा नाही. आपण ज्याचं चित्र काढतो, ज्याचं नाव स्तंभावर कोरतो, त्याच्यावरूनच उद्याचा सरकारी फॉर्म ठरतो, पाठ्यपुस्तक ठरतं, आणि सातवीतली पोरगी "ती घरीच होती" म्हणते.

तेलंगणात याचं उत्तर बायकांनीच शोधलं. स्त्री शक्ती संघटना या गटानं सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन ऐंशीच्या दशकात पुस्तक काढलं, आधी तेलुगूत, मग इंग्रजीत. निरोप कसे पोचवले, खायला काय केलं, लेकराचं काय केलं, हे सगळं त्यांच्याच शब्दांत. आपल्याकडं अनंत भालेरावांचा 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ मी रोज उघडते, त्यावाचून माझं पान हलत नाही. पण त्याच्या शेजारी ठेवायला आपल्या बायकांच्या आवाजातलं तसं जाडजूड पुस्तक मला हवं आहे.

आणखी एक चूल

हे लिहिल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि संस्थानाच्या इतर भागांत मुसलमानांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल समितीनं त्याची पाहणी केली, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सगळ्यात वाईट प्रकार झाल्याचं नोंदवलं, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. यातले बहुतेक लोक रझाकार नव्हते. तुमच्या-आमच्यासारखे शेजारी होते.

त्या घरांतही बायका होत्या. त्यांनीही धान्य लपवलं, लेकरांना गप्प बसवलं, कुणाची तरी वाट बघितली. त्यांचं चित्र तर सोडाच, १७ सप्टेंबरच्या भाषणात त्यांचा उल्लेखही नसतो. 'मागचं बघणं' हा माझा शब्द त्यांना लागू करायचा नसेल, तर मी फक्त आमच्या बाजूच्या बायकांचा स्तंभ उभारते आहे असा त्याचा अर्थ होईल. म्हणून तो लागू आहे.

आता तुमचं काम

अमेरिकेतलं 'वी कॅन डू इट' हे दंडाची बाही सरसावणाऱ्या बाईचं पोस्टर तुम्ही पाहिलं असेल. ते १९४३ चं आहे. तेव्हा ते एका कंपनीच्या कारखान्यांत थोडे दिवस लागलं आणि उतरवलं गेलं. जगप्रसिद्ध झालं ते ऐंशीच्या दशकात, पुढच्या पिढीतल्या बायकांनी ते वर काढलं तेव्हा. म्हणजे चाळीस वर्षांनी. सांगायचा मुद्दा, उशीर झालाय हे खरं, पण वेळ गेलेली नाही.

तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीची आजी, मावशी, आत्या असेल तर तिला कृपा करून "तुम्ही लढ्यात काय केलं?" असं विचारू नका. उत्तर "काहीच नाही" असंच येईल. असं विचारा : रात्री कोण मुक्कामाला यायचं? किती जणांचा स्वयंपाक करावा लागायचा? दळायला बरोबर कोण बसायचं, तिचं नाव काय? धान्य कुठं लपवलं होतं? पाणी कुठून आणायचात? लेकरांना काय सांगून ठेवलं होतं? तेव्हा कुठली गाणी म्हणायचात? आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी तिला सांगा, तिची परवानगी घ्या.

त्या सातवीतल्या मुलीचं काय झालं? स्पर्धा संपल्यावर तिनं मला विचारलं, "मॅडम, पणजी काढायची तर ती करते काय ते काढायला पाहिजे ना? पण ते मला माहीत नाही." मी तिला म्हटलं, घरी जाऊन आजीला विचार, तिला तिच्या आईचं थोडंफार ठाऊक असेल. पुढच्या आठवड्यात तिच्या आजीला भेटायला मी सोनपेठला जाणार आहे. दळायला कोण बसायचं, हा पहिला प्रश्न.